भूकंपच ना?

कामावरची पहिली पाळी करून मी नुकतीच आडवी झाले होते. तेवढ्यात पलंग हलला, मांडणीवरची भांडी खणखणली आणि पलंगाशेजारची भिंत तडकली. केमिकल कारखान्यांच्या बोईसरमध्ये अशा वेळी आधी आठवतो तो बॉयलरचा स्फोट. आमची सगळी चाळ बाहेर धावली ती आकाशात धूर शोधायला. "कुठली कंपनी?" शेजारणीने विचारलं. मला काय ठाऊक! माझा नवरा दुसऱ्या पाळीला केमिकल कंपनीत गेलेला, फोन लागेना. वायुगळतीच्या सवयीने मी ओली ओढणी नाकाला लावून उभी राहिले. शेवटी त्याचाच फोन आला, "अगं, भूकंप हाय. कंपनीत काय नाय झालं."

"भूकंपच ना?" मी पुन्हा पुन्हा विचारलं.

मग घरात गेले, तडकलेल्या भिंतीकडे पाठ केली आणि गाढ झोपले.