पूजा केलेलं तिकीट

परवा फोनवर तुमच्यापैकी धाकटीने सांगितलं, की तिकडे परदेशात तिची गाडी पाऊण तास उशिरा पोहोचली, म्हणून तिने बसल्या जागी मोबाईलवरून अर्ज केला आणि चार दिवसांत निम्मे पैसे परत आले. ऐकून मला फार बरं वाटलं. हक्काचं मागायला लाजू नये, हे मी तुमच्या आईला शिकवलं आणि तिने तुम्हाला.

आपल्याकडचा नियम थोडा वेगळा आहे. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि त्यामुळे तुम्हाला जायचं नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आत तिकीट खिडकीवर परत द्यायचं. पूर्ण पैसे मिळतात. मी असे दोनदा घेतले आहेत. तिसऱ्या वेळी काय झालं, ते सांगते.

तुमची बेला गावची आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, सहासष्ट वर्षांची होईपर्यंत आगगाडीत बसली नव्हती. बैलगाडी झाली, बस झाली, मुलाची मोटारसायकल झाली, एकदा तर कापसाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ती आमच्याकडे आदिलाबादला आली होती. आगगाडी तेवढी राहिली. मागच्या हिवाळ्यात तिच्या लेकीला नांदेडला मुलगा झाला. बारशाला आम्ही दोघींनी जायचं ठरलं, तेव्हा तिने एकच अट घातली.

"बसनं नाही जायचं, बाई. रेल्वेनं."

मी स्टेशनवर जाऊन दोघींचं एक तिकीट काढलं आणि तिच्यासाठी खिडकीची जागा मागून घेतली. आदल्या दिवशी दुपारी ती बेलाहून आली, बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा घेऊन. आल्या आल्या तिने तिकीट मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते देवघरात सापडलं. वर हळद, कुंकू, आणि मधोमध दोन तांदळाचे दाणे चिकटलेले.

"अगं, हे काय केलंस?"

"पूजा केली."

"तिकिटाची?"

"मोटारसायकलची करतेत, ट्रॅक्टरची करतेत. रेल्वे तं घरी आणता येत नाही. मंग तिकिटाचीच केली."

मी रुमालाने हलकेच पुसून पाहिलं. कुंकू आणखी पसरलं. उजेडात धरल्यावर नंबर वाचता येत होता, एवढंच समाधान.

आठची गाडी. आम्ही साडेसातला स्टेशनवर पोहोचलो, आणि पंधरा मिनिटांत सूचना झाली की गाडी साडेतीन तास उशिरा सुटेल. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. साडेतीन म्हणजे तीनहून जास्त! मी लगेच जाऊबाईला समजावलं, की तिकीट परत देऊ, पूर्ण पैसे घेऊ आणि दहाच्या बसने निघू. बारसं उद्या आहे, संध्याकाळपर्यंत आरामात पोहोचू.

तिने डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तुमाले जायचं तं जा बसनं. मले गाडीनंच यायचं हाय."

"तिकीट दोघींचं एक आहे."

"मंग तुमी बी थांबा."

"आणि आणखी उशीर झाला तर? किती वेळ बसायचं इथे?"

"मले सहासष्ट वर्सं उशीर झाला, बाई. तुमी साडेतीन तासाचं काय घेऊन बसल्या?"

तरीही मी उठले. खिडकीवर अर्जाचा कागद घेतला, मोठ्या अक्षरांत नीट भरला, सही केली आणि तिकिटासह आत सरकवला. आत एक तरुण तेलुगू मुलगी होती. तिने तिकीट दोन बोटांनी उचललं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, ये क्या लगाए?"

"पूजा," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

एवढ्यात जाऊबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. "मैंने किया, माय. पयली बार बैठ रही मैं रेल्वे में."

मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पूजा करे सो टिकट वापस करते क्या, अम्मा?" तिने तिकीट आणि अर्ज दोन्ही परत सरकवले. "गाड़ी निकलने तक टाइम है. सोच के आओ. आए तो पूरे पैसे देती मैं."

नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि बाकावर येऊन बसले. घाई नव्हती, हक्क शाबूत होता.

पुढचे तीन तास जाऊबाई जागेवर बसली नाही. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने तीन चकरा मारल्या. तामसी गावची एक भाजीवाली मावशी लेकीकडे निघाली होती, तिच्याशी मैत्री केली. बाळंतिणीच्या डब्यातले दोन लाडू तिला दिले, एक स्वतः खाल्ला, एक बळेच मला खायला लावला.

"गाडीत चढताना आदी कोणता पाय टाकायचा?" तिने मावशीला विचारलं.

"उजवा टाका. अन् डावा इथं विसरू नका!"

दोघी इतक्या हसल्या, की पलीकडच्या बाकावरचे लोकही हसायला लागले. बाहेरचा रिक्षावाला दोनदा येऊन विचारून गेला, "बसस्टँड?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "थोडं थांबा." दहाची बस गेली. बाराची होती.

सव्वाअकराला गाडी फलाटाला लागली. लोक उठले, पिशव्या उचलल्या गेल्या. तिकीटखिडकी पन्नास पावलांवर होती. जाऊबाईने गाडीकडे पाहिलंच नाही, माझ्या पर्सकडे पाहिलं.

"काय करता, बाई?"

लग्न होऊन आली तेव्हा चहात साखर किती घालायची, हे ती मला ज्या आवाजात विचारायची, त्या आवाजात तिने विचारलं.

डब्याचं झाकण सैल होतं, लाडवांचं तूप पिशवीला लागत होतं. मी तो भरलेला अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि डब्याखाली सरकवला.

"चल, चढ. उजवा पाय."

गाडी हलली आणि माझा हक्क संपला. तिने दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते. प्रत्येक फाटकावर थांबलेल्या लोकांना तिने हात केला, कापूस वेचणाऱ्या बायांना हाका मारल्या. किनवटला चहा घेतला, तो केवळ खिडकीतून घेता येतो म्हणून. पुढे सागाचं जंगल लागलं, तेव्हा मात्र ती कपाळ गजांना टेकवून बघत राहिली. मीसुद्धा बघत राहिले. मी आजवर पुष्कळ वेळा त्या वाटेने गेले होते, पण पुस्तकातून मान वर केली नव्हती.

वाटेत गाडीने वेग घेतला आणि अर्धा तास भरून काढला. नांदेडला जावई फलाटावर उभेच होते. खिडकीशी येऊन अगदी ओशाळून म्हणाले, "आई, फार उशीर झाला ना? त्रास झाला असेल."

ती जागची हलली नाही. "उशीर कुठं झाला? अर्धा तास आदीच उतरवून राह्यले!" मग माझ्याकडे वळली. "बाई, लिहा कागद. एवढी काऊन पळवली म्हणा."

जावई आत आले, त्यांनी पिशवी उचलली, हमाल सामान विचारून गेला, तरी तिने गज सोडले नाहीत. शेवटी मी पर्समधून परतीचं तिकीट काढून तिला दाखवलं. तेव्हा कुठे ती उठली, ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या कमरेला खोचून पुढे चालायला लागली.