गल्लीच्या तोंडावरचा चोथा

३ नोव्हेंबर १९९३ रोजी फान रुइलानला झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानातून शेवटचा पगार मिळाला: दोनशे चौदा युआन साठ फन. एकोणिसाव्या वर्षी ती त्या काउंटरमागे उभी राहिली होती. आता पन्नास पूर्ण झाली, नियमाप्रमाणे घरी बसायचं. मॅनेजरनं एक थर्मास दिला, फोटो काढला आणि तराजू दुसऱ्या मुलीच्या हातात दिला.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी ओला चोथा पडलेला तिला दिसला. उकळून झालेल्या औषधाचा चोथा त्या गावात घरात ठेवत नाहीत, रस्त्यावर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांबरोबर आजार निघून जावा म्हणून. जुनी माणसं आणखी एक कारण सांगत. एखादा जाणकार वाटेनं जात असेल, तर चोथा बघून औषध चुकलं असल्यास त्यानं तसं सांगावं.

रुइलान थांबली. चौकोनी काड्या, म्हणजे यीमू गवत. पीचच्या बियांचा गर. आणि सगळ्याला लाल रंग आणणारी करडईची फुलं. थांबलेलं रक्त हलवायची औषधं. कुणाची तरी पाळी अडली होती.

"दुकान सुटलं, पण दुकानाचं नाक काही सुटलं नाही," रात्री जेवताना नवरा म्हणाला. "उद्यापासून लोकांचे उकिरडे वाचत बसणार का?"

"उकिरडा नाही तो. चिठ्ठी आहे."

"मग पगार कोण देणार तुला? गल्ली?"

तीन दिवसांत तिला घर कळलं. चोथा टाकायला समोरची थिएन येत होती. थिएनचा नवरा वारलेला, धाकटा मुलगा दुसऱ्या शहरात शिकायला, आणि थोरली सूमेइ कापसाच्या गिरणीत तीन पाळ्यांत कामाला. सूमेइ वीस वर्षांची. नव्या वर्षाच्या वसंत-सणानंतर तिचं लग्न ठरलं होतं.

नळावर भाजी धुताना रुइलाननं विषय काढला. "वहिनी, औषध कुणासाठी चाललंय?"

"पोरीसाठी." थिएननं आवाज खाली आणला. "तीन महिने आली नाही. हातपाय बर्फासारखे. रात्रपाळीत गार पाणी पितात या मुली, वर उन्हाळाभर बर्फाच्या कांड्या चोखल्या. थंडी बसली पोटात. लग्नाआधी सुरळीत व्हायला नको? तिकडची सासू पहिलं तेच विचारेल."

"वैद्यांनी नाडी बघितली?"

"ती कुठली यायला! लाजते. मीच सांगितलं सगळं पेइ वैद्यांना. म्हातारा माणूस, त्यांना काय, ऐकूनच कळतं."

रुइलानच्या हातातली पालकाची जुडी पाण्यातच राहिली.

दुकानात तिला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा होता, की बाईच्या चिठ्ठीवर गर्भ पाडणारी करडई दिसली तर ड्रॉवरला हात लावण्याआधी विचारायचं, पोटात काही नाही ना? एकोणीसशे अडुसष्ट साली, गर्दीच्या दिवशी, तिनं एका बाईला विचारलं नव्हतं. एकानं तोलायचं आणि दुसऱ्यानं तपासून सही करायची, अशी पद्धत. तपासणाऱ्यानंही विचारलं नाही. ती बाई पुढच्या आठवड्यात काउंटरसमोर येऊन नुसती उभी राहिली. ओरडली नाही, काही मागितलं नाही. उभी राहिली आणि गेली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत रुइलाननं तो प्रश्न हजारो बायकांना विचारला होता, साठीच्या बायकांनासुद्धा. त्या हसायच्या.

म्हणून तिनं थिएनलाही विचारलं. शक्य तितक्या हळू. "वहिनी, रागावू नका. ठरलेलं लग्न आहे, मुलगा येतो-जातो. पोटात तर काही नाही ना?"

थिएननं टोपली आपटली. "तोंड सांभाळ! माझी पोर तसली नाही. स्वतःला मूलबाळ नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरींची पोटं मोजतेस?"

नळावर आणखी दोघीजणी होत्या. दोघींनी माना खाली घातल्या आणि कान वर केले.

तेव्हापासून थिएननं बोलणं सोडलं. पण संशय मनात पेरला गेला होता. त्या रात्री समोरच्या घरातून चापट मारल्याचा आवाज आला आणि सूमेइचं रडणं. "नाही गं आई, शपथ. नाही." आठवड्यानं चोथ्यात करडई दुप्पट झाली. रुइलानला उलगडलं, थिएन वैद्यांकडे जाऊन जोर वाढवा म्हणाली असणार. पोटात काही नसेल तर पाळी येईल, आणि असेल तर तेही लग्नाआधी निघून जाईल. हा विचार थिएनच्या डोक्यात घातला कुणी, हे रुइलानला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं भात ताटात तसाच ठेवला.

"आता तरी गप्प बस," नवरा म्हणाला. "एकदा बोललीस, त्याचं हे झालं."

ती गप्प बसली, बारा दिवस. तेराव्या दिवशी सकाळी चोथ्यात तिला काळे, आखडलेले तुकडे दिसले. वाळवलेली जळू. दुकानात जळूची चिठ्ठी आली की वैद्यांना बोलावून समोर दुसऱ्यांदा सही घेत असत. रुइलान चोथा ओलांडून सरळ थिएनच्या दारात गेली.

थिएन बाजारात गेली होती. दाराबाहेर कोळशाच्या चुलीवर मातीचं भांडं रटरटत होतं. आत सूमेइ भिंतीला टेकून मोजे चढवत होती, एक मोजा चढवून दम घेत होती.

"मावशी, तुम्ही जा. आई बघेल."

"बघू दे. हात दे इकडे."

रुइलान वैद्य नव्हती. पण दुकानात बसणाऱ्या वैद्यांनी एकदा शिकाऊ मुलांना कांद्याच्या पातीचा देठ बोटाखाली दाबून बघायला लावला होता. वर फुगीर, मध्ये पोकळ. 'रक्त वाहून गेलेल्याची नाडी अशी लागते,' ते म्हणाले होते. मुलं हसली होती, तिनं मात्र देठ बराच वेळ दाबून बघितला होता.

सूमेइची नाडी तशीच लागली. बोट टेकवलं की आहे, दाबलं की नाही. पोटात मूल असतं तर ती ताटलीत मोती घरंगळावेत तशी लागली असती. इथे घरंगळायला काहीच नव्हतं. रक्त अडलेलं नव्हतं, आटलेलं होतं. दोन्हींत पाळी बंदच होते. आटलेल्या विहिरीतून पाणी यावं म्हणून गेले चार आठवडे सगळ्यांनी मिळून रहाट हाकला होता.

"कुठे गेलं गं रक्त?" तिनं विचारलं आणि मुलीची बाही वर केली. कोपराच्या खाचेत टोचल्याच्या खुणा होत्या, काही पिवळ्या, दोन ताज्या.

सूमेइनं बाही खाली ओढली. "गिरणीनं ऑगस्टपासून पगार दिला नाही, मावशी. पगाराच्या जागी चादरी दिल्या. सहा चादरी. त्या मी मैत्रिणीकडे ठेवल्यात. आईला काय सांगणार? भावाची फी, हुंड्याच्या रजया. बसस्टँडमागे एक माणूस रक्त घेतो. बाटलीला पंचेचाळीस."

"किती वेळा?"

"सात."

"महिन्याच्या पाकिटात तेच घालून देत होतीस?"

"पाकीट गिरणीचंच होतं," सूमेइ म्हणाली, जणू तेवढं तरी खरं होतं. "त्या माणसानं सांगितलं, मीठ-पाणी प्यायलं की आठवड्यात भरून येतं."

दारात थिएन उभी होती. हातात कोबी आणि दोऱ्यानं बांधलेली औषधाची नवी पुडी. किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. ती चुलीजवळच्या कोळशाच्या वड्यांवर बसली आणि पुडीकडे बघत राहिली.

"सहा युआनची एक," ती म्हणाली. "रोज एक."

रुइलाननं भांडं उतरवलं आणि काढा गटारात ओतला. या वेळी थिएननं अडवलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सूमेइची पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं आणि थिएनला विचारलं, "ही चालत आली?" तिला दोन बाटल्या रक्त चढवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. एका बाटलीचे एकशे वीस. थिएननं आकडा दोनदा विचारला. सूमेइ खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडली. "आई, पंचेचाळीसला घेतात आणि एकशे वीसला देतात," ती भिंतीला म्हणाली.

चादरी विकून एकशे चाळीस आले. घरातले चौसष्ट निघाले. उरलेले छत्तीस युआन रुइलाननं भरले.

मुलगी वाचली. लग्न मात्र राहिलं नाही. नळावरच्या दोघींपैकी एकीची बहीण नवऱ्या मुलाच्या गल्लीत दिलेली होती. पोटात असल्याची बातमी तिकडे आधी पोचली, खरं कारण मागून गेलं, आणि मागून गेलेल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मध्यस्थ बाई येऊन देण्याघेण्याच्या वस्तू परत घेऊन गेली. जाताना रुइलानच्या दारासमोर क्षणभर थांबली, पण आत आली नाही. नवऱ्यानं त्या दिवशी टोमणा मारला नाही.

सूमेइला आता दुसरं औषध चालू आहे, रक्त भरणारं, खजूर आणि तांगक्वेइच्या मुळांचं. नाडी बघून दिलेलं. एप्रिलमध्ये पाळी आली, एकच दिवस, पाण्यासारखी फिकट. मे महिन्यात आली नाही. रुइलानला हे सूमेइकडूनच कळतं, येता-जाता, दोन वाक्यांत. थिएन चोथा गल्लीच्या तोंडावर टाकत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालते आणि पुलापलीकडे नेऊन टाकते. तिथून फारसं कुणी जात नाही.

छत्तीसपैकी अठ्ठावीस युआन थिएननं चार हप्त्यांत मुलीच्या हाती पाठवले. आठ अजून यायचे आहेत.