हफीजाभाभींचं मीठ

राजिवड्यात माझं औषधांचं दुकान आहे. त्यामुळे वस्तीत कोणाचं काय दुखतंय ते मला बहुतेक वेळा त्यांच्या नातेवाइकांच्या आधी कळतं. यात भूषण काही नाही. गोळ्या हातात ठेवताना समोरच्याचं तोंड निरखायची मला खोड आहे, आणि आता या वयात ती जायची नाही.

हफीजाभाभींचं तोंड काळवंडायला लागलं ते असंच माझ्या नजरेत आलं. पण त्या घरामागच्या वाळूवर सुकट घालायच्या, तासन्‌तास उन्हात बसायच्या. रापणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांची मुलगी आलिया त्यांच्यासाठी गोरेपणाचं क्रीम मागायला आली, तेव्हा मी तिला फुकटचा एक उपदेश करून परत पाठवलं. भाभी मुळातच किरकोळ, त्यात त्या आणखी उतरल्या. चार पावलं चालून कठड्याला टेकायच्या आणि म्हणायच्या, "काय नाय गो, वय झाला."

त्यांचे यजमान गफूरभाई. सारा जन्म बोटीवर भंडारी म्हणून गेला, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. निवृत्त होऊन घरी आले आणि बायकोला चुलीपुढून उठवून स्वतः बसले. "तिनं माझी वाट बघत एकटीनं जेवण केलान, आता मी करतंय," असं त्यांचं सरळ गणित. स्वयंपाक ते फार सुरेख करतात. मला वाडगाभर काही आलं की मी त्या दिवशी घरी भाजी करत नाही.

गफूरभाईंना रक्तदाब आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर या माणसाने ते अगदी मनावर घेतलं. सुके बोंबील बंद, लोणचं बंद, खारा बांगडा तर घराबाहेरच. आणि बायको थकते, चक्कर येते म्हणते, म्हणजे तिलाही आपलंच दुखणं असणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दोघांचं जेवण अळणी शिजायला लागलं. एकाच ताटात जेवायचं तर पथ्यही एकत्रच पाळायचं, एवढं त्यांचं प्रेम! त्या प्रेमाचा मला आजही राग येतो आणि आजही त्याच्यावर रागावता येत नाही.

भाभींना मात्र मिठाची वखवख सुटली होती. वाळत घातलेल्या माशांवरचे मिठाचे कण त्या बोटाने टिपून खायच्या. आलियाने एकदा त्यांना डब्यातलं खडेमीठ चघळताना पकडलं आणि बापाला सांगितलं. गफूरभाई हादरले. त्यांनी मिठाचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. "ती पोरासारखी रडली हो ताई," ते मला सांगत होते, "पन मी किल्ली दिली नाय. तिच्या भल्यासाठीच ना?"

पुढे काय झालं ते त्या घरात कोणी विसरणार नाही. भाभींना साधा ताप आला, उलट्या झाल्या, आणि सकाळी त्या उठेनात. हाक मारली तरी डोळे उघडेनात. रिक्षातून त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा मी दुकान तसंच टाकून मागोमाग गेले. रक्तदाब यंत्रावर नीट लागतसुद्धा नव्हता.

तिथे मनस्वी नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. तिने भाभींचा तळहात उलगडून रेषा पाहिल्या. त्या रेषा काळ्या पडल्या होत्या. ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या, तिथेही काळे डाग. तळहात आणि हिरड्या काही उन्हात रापत नाहीत. तिने मान वर करून विचारलं, "यांना मीठ जास्त खावंसं वाटतं का हो?"

बरोबर आलेल्या आलियाने सगळं सांगितलं, डब्याचं आणि कुलपाचंही.

तोवर सलाईन सुरू झालं होतं, एक इंजेक्शनही गेलं होतं. थोड्या वेळाने भाभींच्या ओठांना रंग आला, पापण्या हलल्या. गफूरभाईंनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, ह्या बाटलीत काय हाय?"

"मीठपाणी," ती म्हणाली.

ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तपासण्यांनी मनस्वीचा अंदाज खरा ठरवला. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. अंगात मीठ धरून ठेवायचं, रक्तदाब सांभाळायचा, आजारपणाला तोंड द्यायचं, यासाठी लागणारे रस ती बनवते. भाभींना लग्नाआधी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण जाता जाता त्याने या ग्रंथी पोखरून ठेवल्या होत्या. मेंदू त्यांना सारखा कामाला लागायचा हुकूम सोडत होता आणि त्या हुकमांनीच कातडी काळी पडत होती. इलाज एकच होता, जे शरीर बनवत नाही ते गोळ्यांनी द्यायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जन्मभर. ताप आला तर गोळी वाढवायची आणि चुकवायची तर कधीच नाही. "चुकली तर यांना परत असंच इथे आणावं लागेल," मनस्वी म्हणाली, "आणि त्या वेळी उशीर झालेला असू शकतो."

भाभी सुधारल्या. अंग भरलं, चेहरा हळूहळू उजळला. गफूरभाई डोळ्यांत तेल घालून गोळ्या द्यायचे. स्वतःचं जेवण अळणी आणि बायकोचं वेगळं, मीठ घातलेलं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि रमजान लागला.

पहिल्याच दुपारी गफूरभाई दुकानात आले. चेहरा उतरलेला. भाभींनी कोणाला न सांगता रोजा धरला होता आणि दुपारची गोळी घेतली नव्हती. "हात कापतायत तिचे. ताई, गोळ्या पहाटे आणि मगरीबला, रोजा सुटल्यावर, दिल्या तर नाय चालणार?"

मी मनस्वीला फोन लावला. ती म्हणाली, यांच्या बाबतीत नाही, निदान यंदा तरी नाहीच. मी दुकानाची फळी ओढली आणि तरातरा त्यांच्या घरी गेले. चांगलं खडसावायचं ठरवूनच गेले होते.

भाभी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मौलवींनी आजाऱ्याला माफी असल्याचं सांगितलं होतं, तेही त्यांना माहीत होतं. "माफी हाय गो," त्या म्हणाल्या, "पन सगल्यांचा रोजा आणि मी एकटी दार लावून तोंड हलवत बसू? मना लाज वाटते. लहानपनापासून एक रोजा सोडला नाय मी." मी खडसावायचं सोडून फळीवरची गोळ्यांची पुडी काढली.

गफूरभाई चुलीपाशी गेले. इफ्तारीसाठी खिम्याचा रस्सा उकळत होता. त्यांनी त्यातला चमचाभर वाटीत घेतला, फुंकर घातली आणि वाटी भाभींपुढे धरली.

"चाख. मीठ सांग."

"माझा रोजा हाय."

"तुला माफ हाय. आणि मना काम हाय." त्यांचा आवाज चढला, मग फुटला. "इतकी वर्षां रमजानात मी अंदाजानं मीठ घालतंय. जिभेला लावलेला मना चालत नाय. कधी खारट होतंय, कधी अळणी, आणि कोन बोलत नाय. यंदा घरात चाखणारा मानूस हाय. तो पन उपाशी बसला तर मी कोनाला विचारू? माझा अंदाज एकदा चुकला, हफीजा. परत चुकायचा नाय मना."

भाभींनी वाटी हातात घेतली. थोडा रस्सा पदरावर सांडला. मग त्यांनी उरलेला तोंडात घेतला.

"कमी हाय," त्या म्हणाल्या. गफूरभाईंनी चिमूटभर घातलं. "अजून." ते हसत हसत डोळे पुसायला लागले, कारण भाभींच्या जिभेला मीठ कधीच पुरत नाही आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी गोळी आणि पाणी पुढे केलं. भाभींनी ती घेतली.

त्या दिवशी इफ्तारीला मीही थांबले. रस्सा चांगलाच खारट झाला होता. सगळ्यांनी तो चुपचाप संपवला. गफूरभाईंच्या रक्तदाबाची आठवण मी डोळ्यांनीच करून दिली, तर म्हणाले, "आज बोलू नका, ताई."

पण वस्तीत गोष्ट लपत नाही. आलियाने शेजारी सांगितलं, शेजारणीने पलीकडे. दोन-चार दिवसांत दुपार कलली की त्यांच्या दारात वाट्या यायला लागल्या. कोणाची डाळ, कोणाची खीर, कोणाचं भज्यांचं पीठ. "हफीजाभाभी, जरा बघा हो." भाभी 'अजून'च म्हणणार म्हणून मीठ आधीच थोडं कमी घालायचं, हेही बायकांनी आपसांत ठरवून टाकलं.

एका दुपारी मी तिथून जात होते. भाभी ओट्यावर बसल्या होत्या, पुढे वाट्या, आजूबाजूला बायका. दुपारच्या गोळीची वेळ झाली. भाभी उठून आत जातील असं मला वाटलं. त्यांनी बसल्या जागीच पुडीतून गोळी काढली, तांब्या उचलला आणि सगळ्या गल्लीच्या देखत पाणी प्यायल्या.