उपरण्याखालचा हात

गंगूकाकूंच्या दारात कुणी चाळण मागायला आलं तरी त्या आधी आत वळून बघायच्या. "आमाला काय कळतंय? मालकांना इचारा." मालक म्हणजे बापूकाका. चाळण कुठल्या खुंटीला आहे हे त्यांना सात जन्मात सांगता आलं नसतं, पण ते "द्या" म्हणाले की मगच काकू ती काढून द्यायच्या.

काष्टीजवळच्या वस्तीवर त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. चांदी ही त्यांची गाय. ती वासरू असतानाच तिची आई मेली, तेव्हा काकूंनी बोटं चोखायला देऊन तिला दूध पाजलं होतं. पुढं ती काकूंखेरीज कुणाला धार काढू देत नसे.

मी नववीत असताना बापूकाकांना मोटारसायकलचं वेड लागलं आणि त्यांनी चांदी विकायचं ठरवलं. काकूंना कुणी विचारलं नाही. पण गाय दुसऱ्या कुणामागं चालेना, म्हणून तिला काष्टीच्या बाजारात न्यायला काकूंनाच जावं लागलं.

पुढचं माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि मालक उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून सौदा ठरवतात. बापूकाकांचा हात उपरण्याखाली होता, दावं काकूंच्या हातात. एकाएकी काकूंनी दुसरा हात उपरण्याखाली घातला.

"गाय मी वाढिवली. मला बी कळू द्या."

बाईचा हात लागताच दलालानं आपला काढून घेतला. सौदा मोडला आणि संध्याकाळी चांदी गोठ्यात परत आली.

बापूकाका कितीतरी दिवस काकूंशी बोलले नाहीत. "हात लई थरथरत हुता," काकू माझ्या आईला म्हणाल्या, "पन गेला आत."

म्हणून काकू पालटल्या असं मुळीच नाही. चाळणीसाठी त्या मालकांनाच विचारत राहिल्या. मला त्यांचा रागच यायचा.

बारावीनंतर माझं लग्न ठरायला आलं. ओसरीवर पाहुणे बसलेले, ताटात सुपारी. ती फुटली की सोयरीक पक्की. आम्ही बायका दाराआड उभ्या होतो. काकू पदर सावरत बाहेर गेल्या आणि सुपारीवर हात ठेवून माझ्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला इचारलं का?"

वडिलांनी मला बाहेर बोलावलं. सगळे माझ्याकडे बघत होते. 'वडलांना विचारा' हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. काकूंचा हात अजून सुपारीवर होता, आणि तो थरथरत होता.

"मला नर्सिंग शिकायचंय," मी म्हणाले.