यादीतली पहिली ओळ

आमच्यात माणसं बोटाने मोजत नाहीत. एक, दोन, तीन करत मोजली की दृष्ट लागते म्हणतात. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतातच, त्यामुळे मोजल्याशिवायही भागत नाही. मग आमचे लोक हिब्रूतली दहा शब्दांची एक ओळ म्हणतात, एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द. ओळ पुरी झाली की माणसं पुरी. बायकांकडे बघून कोणी शब्द उच्चारत नाही. लहानपणी मला याचा राग यायचा आणि साठीला आले तरी तो गेलेला नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बहुतेकांची मुलं इस्राएलला गेली, मागोमाग आईबापही गेले. पनवेलात उरलेल्या घरांना दहा माणसं जमवणं हेच एक काम होऊन बसलं, आणि ते काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. कोणाकडे मयत झाली, वर्षश्राद्ध आलं की बाबा खुर्चीत बसून नावं सांगायचे आणि मी पाठकोऱ्या कागदावर लिहायचे. पहिली ओळ कायम तीच. बाबा. मग ठाण्याचे काका, मग बाकीचे. बाबांना फोन करायचा नसल्यामुळे मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करायची. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण मला तर वाटतं त्यांनी खरी नोकरी हीच केली.

पुष्कळदा नऊच यायचे. तासभर वाट बघून बाबा टोपीची घडी घालत म्हणायचे, "आज त्याने नऊच दिले. उद्या बघू." तो म्हणजे देव. मी चिडायचे. देवाला सगळं येतं तर पनवेलात एक माणूस आणता येत नाही का, असं एकदा तोंडावर विचारलंसुद्धा. ते हसले आणि मला चहा टाकायला सांगितला.

शेवटचे दीड महिने ते अंथरुणावर होते. डावी बाजू गेली होती. आमचं घर नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांना खाली न्यायचं तर चार माणसं लागायची, म्हणून ते खिडकीतून दिसेल तेवढंच बघायचे. कूस बदलताना कळवळायचे. मी मनात देवाला नाही नाही ते बोलत होते. त्यांनी मात्र एकच गोष्ट मागितली, तीही अडखळत, दोन दिवसांत मिळून. आपल्यामागे कद्दीश व्हावा. कद्दीश ही मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. तिच्यात मरणाचं नावही नाही, नुसती देवाची थोरवी आहे. दहा पुरुषांशिवाय ती म्हणता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या कद्दीशसाठी हा माणूस धावला होता. मी म्हटलं, होईल बाबा, मी आहे ना.

ते गेले शुक्रवारी सकाळी. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा वार, लागतो, त्याआधी दफन उरकावं लागतं. अलिबाग आणि ठाण्याहून निघालेल्या गाड्या न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे अडकून पडल्या. कबरीशी आठच पुरुष होते. ऊन उतरत चाललं होतं, थांबता येईना. कद्दीश राहिला. माझा भाऊ इस्राएलमध्ये, तिथली विमानं युद्धामुळे बंद. तो फोनवर रडत होता, पण फोनवरचा माणूस दहात धरत नाहीत.

पुढचे दिवस संध्याकाळी पाच-सहा जण यायचे. मी सगळा जीव सातव्या दिवसावर लावला होता. आदल्या दिवशी बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून यादी लिहिली. एकेकाला फोन केला, येणार असं वदवून घेतलं. पुन्हा ओळींवरून नजर फिरवली. दहा. त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा मला झोप लागली. देवाने ऐकलं असं वाटलं, आणि त्याला काय काय बोलले होते त्याची लाजही वाटली.

गुरुवारी संध्याकाळी सगळे वेळेवर आले. एकही चुकला नाही. दिवा लावलेला होता, सुतकाच्या रीतीने आरशांवर चादरी होत्या. ठाण्याचे काका उठले आणि एकेकाकडे बघत ओळ म्हणायला लागले, शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शेवटचा शब्द तोंडातच राहिला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"कोण यायचं राहिलंय गं?" त्यांनी मला विचारलं.

मी यादी उघडली. माणसांकडे बघत एकेक ओळ खाली खाली गेले. सगळे होते. मग नजर वर गेली. पहिल्या ओळीत, माझ्याच अक्षरात, बाबा.

चाळीस वर्षांची सवय. त्यांना फोन करावा लागत नाही, ते घरातच असतात, म्हणून मी त्यांच्यासाठीच्या दहात त्यांनाच धरून बसले होते.

"मी बाबांना धरलं," मी म्हणाले.

दोघांनी फोन काढले. अलिबागचा एक जण निघायला तयार होता, पण पोचायला त्याला अडीच तास लागणार होते आणि आलेल्यांतल्या तिघांना रात्रपाळी होती. समोरच्या घरातले कोळीकाका दारात उभे होते. बंदरातून निवृत्त झालेले, बाबांशी रोज पत्ते खेळणारे. ते डोक्याला रुमाल बांधून आत आले आणि हळूच म्हणाले, "ताय, मानूस कमी हाय ना? मी बसू का?"

मला हुंदका आवरेना. ठाण्याच्या काकांनी कोळीकाकांचा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं. दहात धरता मात्र आलं नाही. त्यांना नाही आणि मलाही नाही. एका खोलीत आम्ही अकरा जण होतो आणि माणसं नऊ होती.

दहाशिवाय चालतात तेवढ्या प्रार्थना झाल्या. कद्दीश झाला नाही. जाताना काकांनी टोपीची घडी घातली, बाबांसारखीच. मला वाटलं, आता हेही म्हणतील नऊच दिले म्हणून, आणि मी किंचाळेन. ते काही म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते.

सगळे गेल्यावर मी बाबांच्या खुर्चीत बसले. बाबांचा विश्वास म्हणजे दहावा येईलच अशी खात्री, असं मी समजत होते. तसं असतं तर ते केव्हाच खचले असते. तो नाही आला तरी ते दुसऱ्या दिवशी यादी सांगायला बसायचे, तेवढाच तो विश्वास होता. मला त्याने बरं वाटलं नाही. वचन मोडलं होतं आणि ते मीच मोडलं होतं.

कद्दीश अकरा महिने म्हणता येतो. त्यातले चार गेले. दर बुधवारी मी यादी लिहायला बसते. देवाशी अजून धड बोलत नाही. पहिली ओळ कोरी सोडते आणि दुसऱ्या ओळीपासून फोन लावायला घेते.