राजीच्या डोक्यावरचा हात

शपथ मीही घेतली होती. नवऱ्याची घेतली, त्या माणसाला काही होत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी नागोरावांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, हळदीकुंकू ठेवलं होतं. स्टीलचा डबा हातात देताना ती प्रत्येकीकडून वदवून घेत होती, "मत नागोरावांनाच देईन." निम्म्या बायका डबा घेऊन बाहेर आल्या आणि खो खो हसल्या. गोदाबाई मात्र खुळी. तिनं शेजारी उभ्या असलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तीही मनापासून.

गोदाबाई माझ्याकडे पोळ्या लाटायची. आमच्या मांजरी गावात उसाच्या जागी इमारती उठल्या, त्यांत कॉम्प्युटरवाली पोरं राहायला आली आणि मी त्यांचे डबे सुरू केले. ही बाई परभणीकडची. मुलगा इथंच बांधकामावरून पडून गेला, सून माहेरी गेली ती गेलीच. तेव्हा नागोरावांनी तिला खोली दिली, रेशनकार्ड काढून दिलं. तेही तिकडचेच. आमच्या गल्लीला पाणीसुद्धा त्यांच्याच टँकरचं, कारण नळ आलेलाच नव्हता. टँकर ज्या विहिरीवर भरायचा तिच्या कडेलाच नव्या सोसायट्यांच्या मैल्याचा खड्डा. सगळ्यांना ठाऊक होतं. पण तहान लागल्यावर काय करता?

हळदीकुंकवानंतर आठवड्याभरात राजी, म्हणजे तिची नात राजनंदिनी, हळदीसारखी पिवळी पडली. डॉक्टर म्हणाले, कावीळ, पाण्यातून झालीय. गल्लीत आणखीही घरांत होती. नागोरावांच्या विरोधात सोनाली नावाची नर्स उभी होती. ती दारोदार एकच सांगायची: निवडून दिलंत तर ती विहीर बंद करते आणि नळ आणते.

मी म्हटलं, "गोदाबाई, आता तरी डोकं ठिकाणावर आणा. सोनालीला मत द्या."

"देते की. अन् राजीला काई झालं मंग? तिच्याच डोक्यावर हात ठेवलाय माय."

"आणि पाण्यानं काय झालंय ते दिसतंय ना?"

ती लाटतच राहिली. पोळी फाटली, तिनं पुन्हा गोळा केला, पुन्हा लाटली. इकडे आड, तिकडे विहीर. मला तिचा संताप येत होता आणि रडूही येत होतं.

शेवटी ती नागोरावांच्या घरी गेली. मी सोबत होते. हात जोडून म्हणाली, "दादा, मला शपथेतून मोकळं करा. पोर आजारी हाय."

नागोराव झोपाळ्यावर बसले होते. गोड हसले. "मावशी, मी कुठं बांधलंय तुम्हाला? शपथ देवापुढं घेतली. त्यालाच विचारा की." वर पोरीसाठी मोसंबी दिली. काय पण दानत!

मतदानाच्या दिवशी ती यंत्रापुढे इतका वेळ उभी राहिली की आतला साहेब खेकसला. बाहेर आली ती घामानं भिजून. चेहऱ्यावरून कळलंच, तरी मी संध्याकाळी विचारलं.

"पाणी उकळून घेता येतं, ताई," ती म्हणाली. "शपथ कशी उकळू?"

"आणि शाळेतही हाच टँकर येतो, ते पाणी कोण उकळणार? तुमचे नागोराव?"

तिनं परात धुऊन उपडी घातली आणि घरी गेली.

नागोराव निवडून आले. दुसऱ्या दिवशी टँकर नेहमीच्या कोपऱ्यावर थांबलाच नाही, थेट गोदाबाईच्या दारात गेला. ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, मावशींचा नंबर आता कायम पहिला." आम्ही सगळ्या हंडे घेऊन तिच्या मागे उभ्या. कुणी तिच्याशी बोलेना.

राजी आनंदानं धावत आली. डोळे अजून पिवळेच. पाइपाखाली ओंजळ धरून प्यायला लागली, तशी गोदाबाईनं तिला फाडकन एक मारली. पोर भोकाड पसरून म्हणाली, "आजी, पाणी आपलंच हाय ना?"

गोदाबाईनं तिला पोटाशी ओढलं. ती रडत होती, सगळ्यांदेखत. पोरीच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला, तो तसाच वर राहिला. मग तोच हात खाली घेऊन तिनं पाइप पिंपात सोडला.