बाहीतलं अस्तर

रफूवालीच्या हाताला यश होतं. कोटाला कसलंही भोक पडू दे, ती त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढून अशी विणायची, की गिऱ्हाईक डोळे फाडून बघत बसायचं. "फाटलं होतं कुठे?" असं कुणी विचारलं की स्वारी दिवसभर खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं धंद्यातलं तत्त्व. घोटाळा एवढाच, की तेच तिनं घरातही चालवलं.

घरात सात वर्षांची लेक, ठकी. ठकीला ऑटिझम होता आणि ती एक शब्द बोलत नसे. नवरा परगावी नोकरीला. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "कशी आहे?" "बरी आहे." झाला संसार! शेजारणींनाही हेच उत्तर. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. ठकीला काय हवं ते मात्र रफूवाली चेहऱ्यावरून ओळखायची आणि मागायच्या आत हातात द्यायची. तेवढीच तिची दिवसभरातली सोबत.

डॉक्टरांनी एबीए नावाचा वर्तनोपचार सुचवला होता. एकेक गोष्ट लहान लहान पायऱ्यांनी शिकवायची, जमली की लगेच आवडीचं काही द्यायचं. पण असं केंद्र एकच, जागा मोजक्या आणि रांग भली लांब. वर्ष उलटल्यावर बोलावणं आलं. तपासणीत गरज दिसली तरच जागा मिळणार होती.

आता पाहुण्यांसमोर पोर दाखवायची म्हटलं की आई काय करणार? तिनं ठकीला नीट वेणी घातली. केंद्रात शिरताच पंखा बंद करायला लावला, कारण त्याच्या घरघरीनं ठकी बिथरायची. पोरीचा चेहरा जरा बदलला की रंगीत रिळांचा डबा पुढे. ठकी तासभर रिळं लावत शांत बसली.

"झोप?" तपासणाऱ्या ताईंनी विचारलं.

"छान लागते."

"स्वतःला काही इजा वगैरे?"

"छे हो!"

"मग तुमचं बरं चाललंय," ताई म्हणाल्या. "सध्या जास्त अडचणीतल्या मुलांना आधी घ्यावं लागतं. पुढच्या वर्षी या."

रफूवालीनं वर आभारही मानले.

जिन्यात कुणीतरी दार आपटलं. ठकी किंचाळली, खाली बसली आणि बाहीसकट मनगट चावू लागली. माणसं वळसा घालून उतरत होती. रफूवालीनं सवयीनं पदर आडवा धरला, आणि मग तिचं तिलाच रडू फुटलं. कुणापासून लपवतोय आपण? इथे आहे कोण आपलं?

ती ठकीला कवेत घेऊन माघारी गेली. पिशवीतली छोटी कात्री काढून तिनं ठकीच्या बाहीची शिवण उसवली. आत जाड अस्तर होतं, बाहेरून कळू नये असं शिवलेलं, दातांनी चिंध्या झालेलं. त्याखाली मनगटावर जुने-नवे वण. मग तिनं स्वतःचीही बाही वर केली. तिथेही ठकीच्या दातांचे वण होते.

"खोटं बोलले मी ताई. झोपत नाही ती. मीही नाही."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. चावण्याआधी काय होतं, चावल्यावर तिला काय मिळतं, सगळं विचारलं. बोलता बोलता रफूवालीचा घसा बसला. इतकं ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

"जागा देते," ताई शेवटी म्हणाल्या. "पण तुम्हालाही शिकावं लागेल. तुम्ही सगळं आधीच देता, मग ती मागेल कशाला? हवं ते दिसू द्यायचं आणि जरा थांबायचं. नुसता हात पुढे केला तरी ते मागणंच. लगेच द्यायचं."

रफूवालीनं मान हलवली आणि रिळांचा डबा पिशवीत खोल सरकवला. न मागता ओळखण्याची ती एक सोबत होती, आता तीही आवरती घ्यायची होती.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कशी आहे?"

"ब..." तोंडात आलेलं तिनं गिळलं. "बरी नाही. मीही बरी नाही. तुम्ही इथं हवे आहात."

त्यानं काही म्हणायच्या आत एरवी तिनंच घाईघाईनं "असू दे, जेवलात का?" म्हणून वेळ सावरली असती. या खेपेला तिनं फोन कानाशी घट्ट धरला आणि ती थांबून राहिली.